पावसाळ्यातील स्वाक्षऱ्या

क्रिकेटचा हंगाम संपला की स्वाक्षऱ्या जमवणाऱ्याचाही हंगाम संपतो, असा एक समज आहे. मुंबईपुरता तो खरा नाही. रणजीचे सामने आटोपलेले असतात, मैदानांत पाणी साचू लागते, आणि नेमके तेव्हाच येथे कांगा लीगचे वेध लागतात. १९४८ साली सुरू झालेली, डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची ही स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यात ठेवलेली. ओली खेळपट्टी, वाढलेले गवत आणि त्यात रुतून बसणारा चेंडू. येथे जो टिकेल तो कोठेही टिकेल, अशी त्यामागची श्रद्धा.

आम्ही दोघे, एक मुलुंडचा आणि एक घाटकोपरचा, शाळकरी वयात या स्पर्धेच्या रविवारांची वाट पाहत असू. नामवंत खेळाडू पाहायचा तर वानखेडे गाठावे लागे. तेथे तिकीट परवडले तरी तो आणि आपण यांच्यामध्ये जाळी, पोलीस आणि हजारो माणसे. आझाद मैदानावर यांपैकी काहीच नसे. व्ही.टी.ला उतरून रस्ता ओलांडला की समोर चिखल, तंबू आणि एकमेकींना खेटून असलेल्या खेळपट्ट्या. पावसाची सर आली की खेळ थांबे आणि खेळाडू तंबूत येऊन बसत. त्यांना वेळ असे, आम्हांला वही असे. हंगामात सही घाईत मिळते. येथे ती देणारा आधी तुमचे नाव विचारी, शाळा विचारी, ‘मुलुंडहून आलात?’ म्हणून हसे.

१९९४च्या पावसाळ्यातील एक सही अमोल मुजुमदार यांची आहे. त्याच वर्षी रणजी पदार्पणात त्यांनी हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या होत्या. ही सही उद्याच्या कसोटीवीराची, याविषयी आम्हांला तिळमात्र शंका नव्हती. पुढे त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीच्या ११,१६७ धावा जमा झाल्या, २००६-०७ साली त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. भारताची टोपी मात्र कधीच मिळाली नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक म्हणून ते मैदानावर होते. या एकतीस वर्षांत वहीतील त्या सहीची एक रेघही बदललेली नाही. आमचे तिचे वाचन मात्र तीनदा बदलले : आधी भाकीत, मग हळहळ, आणि आता हळहळण्याचा आम्हांला अधिकार तरी काय होता, हा प्रश्न.

त्या वहीत अशा पुष्कळ सह्या आहेत, ज्यांची नावे आज आम्हांलाही लागत नाहीत. कोणी बँकेच्या संघाचा गोलंदाज, कोणी ‘ई’ विभागातील यष्टिरक्षक. अक्षर म्हणजे जे झरत नाही ते, असे आम्ही वर्गात सांगतो; यांतील कित्येक अक्षरे पावसात चक्क झरली आहेत, शाई पसरून निळा डाग तेवढा उरला आहे. बाजारात यांना कवडीचे मोल नाही. पण ‘सही’ या अरबीतून आलेल्या शब्दाचा मूळ अर्थ ‘खरे, बिनचूक’ असा आहे, आणि त्या अर्थाने या डागांइतकी खरी सही दुसरी नसावी. ती यशावर केलेली नाही. तो माणूस त्या रविवारी त्या चिखलात खेळायला आला होता, एवढ्यालाच ती साक्ष आहे.

आज बोरिवलीत वाढलेला रोहित शर्मा भारताचा कर्णधार होऊन गेला आहे. उपनगरातील मुलाला नायक शोधायला व्ही.टी.पर्यंत जाण्याची गरज उरलेली नाही. वहीची जागा मोबाइलने घेतली, त्याचेही दुःख नाही. शंका एवढीच की छायाचित्र आपण ओळखीच्या चेहऱ्याबरोबरच काढतो. अनोळखी माणसापुढे वही धरताना, हा उद्या कोणी होईल किंवा होणारही नाही, हे दोन्ही मान्य करावे लागते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला याहून वेगळे काय शिकायचे असते? इतिहासाचा निकाल लागण्यापूर्वी कोऱ्या नावाकडे आदराने पाहणे, हे आम्हांला ग्रंथालयाआधी त्या तंबूने शिकवले.