तिथीची पाऊणपट

आमची आई घड्याळापेक्षा पंचांगावर जास्त विश्वास ठेवते. परवा सकाळी चहा घेता घेता म्हणाली, "आज दशमी ना? मग साडेसातला भरती. चल, पक्षी बघून येऊ." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे गणित तिने अलिबागकडच्या माहेराहून आणलेलं. मी हळूच मोबाईलवर ताडून बघितलं. थोड्या मिनिटांचाच फरक! (मावशी, हसू नकोस.)

तर आम्ही नेरूळच्या डीपीएस तलावावर गेलो. रोहित होते, म्हणजे आपले फ्लेमिंगो. ओहोटीला हे पक्षी ठाणे खाडीच्या चिखलात शेवाळ खात असतात. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि त्यांना उथळ जागा लागते. ती त्यांना या तलावांत मिळते. ठाणे खाडीला २०१५ साली अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसरचा दर्जा मिळाला, ते छानच झालं. पण भरतीचे ते काही तास पक्ष्यांनी काढायचे कुठे? पाहुण्याला जेवायला वाढायचं आणि टेकायला जागा द्यायची नाही, त्यातली गत.

आईच्या माहेरी खाजणाला कुणी पडीक म्हणत नसे. बांध, उघाडी, आतल्या तळ्यातला जिताडा... जिताड्यावर ती तासभर बोलू शकते, म्हणून इथे आवरतो. सरकारी कागदावर मात्र गंमत आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांत भातशेती आणि मिठासाठी किंवा मत्स्यशेतीसाठी माणसाने केलेल्या जागा पाणथळीच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. कोकणातलं निम्मं खाजण माणसाच्याच हातचं! त्याला पाणथळ म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं?

आता जरा अवघड भाग. मी राहतो ती इमारतही भराव टाकलेल्या खाजणावरच उभी आहे. फ्लॅट घेताना 'खाडीचा देखावा' म्हणून चार पैसे जास्तच मोजले होते. काही वर्षांपूर्वी सोसायटीच्या सभेत जवळच्या पाणथळीवर टॉवर येणार अशी चर्चा निघाली. एक गृहस्थ म्हणाले, "चांगलंच आहे, आपले भाव वाढतील." सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "मग पाणी जाईल कुठे?" २६ जुलै २००५ आम्ही दोघांनीही पाहिलेला आहे. मी काही बोललो नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सीवूड्स-नेरूळच्या पाणथळीवर घरं आणि गोल्फ कोर्स यांसाठी केलेला जमीन-वापरातला बदल रद्द केला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२२ साली शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा आला आणि त्यातही पाणथळींवर घरांचा रंग दिसला. त्या वेळी मी आयुष्यातली पहिली हरकत लिहिली. दीड पान. आईने शुद्धलेखन तपासलं आणि 'उघाडी' हा शब्द घालायला लावला. त्या सभेतल्या गृहस्थांकडे सही मागायला गेलो, तर त्यांनी न वाचताच केली. अजून कळलेलं नाही का ते.

२०२४ च्या उन्हाळ्यात याच तलावात खाडीचं पाणी येण्याच्या वाटा बंद झाल्या. तलाव सुकला आणि काही रोहित मेले. २०२५ साली राज्य वन्यजीव मंडळाने हा ३० एकरांचा तलाव संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. त्या दिवशी घरी शिरा केला होता.

परवा मी फोटो काढत होतो, आई मात्र पक्ष्यांकडे पाठ करून काठाने चालली होती. पाणी आत कुठून येतं ते शोधत होती. सापडलं तेव्हा तिथेच उकिडवी बसली आणि एक काडी टाकली. काडी आत वाहत आली.

"येतंय," म्हणाली. "चल आता, भूक लागली."