केसभर थर

सेंट्रिफ्यूजच्या पहिल्या फेरीनंतर रक्ताची नळी बाहेर काढावी, तो तांबड्या पेशींच्या राशीवर आणि पिवळ्या रक्तद्रवाखाली जी पांढुरकी साय धरलेली दिसते, तिच्या काठाशी सुई नेण्यात माझी अठरा वर्षे गेली. तरी टोक नेमके कोठे थांबवावे, या एका बाबीचा निकाल अद्याप लागलेला नाही. वरच थांबावे, तर ज्या ताज्या, थोराड प्लेटलेटांत वृद्धिघटकांचा साठा अधिक, त्या तांबडीच्या माथ्याशी अडकून राहतात; केसभर खाली उतरावे, तर तांबडी शिरते आणि तिच्याबरोबर पांढऱ्या पेशीही इतक्या येतात, की त्यांच्या पाचक द्रव्यांनी तेच घटक खाऊन टाकावेत.

भिवंडीजवळच्या काल्हेरात गोदामे वाढली, तशा माझ्या दारी टाचेच्या जखमा वाढल्या: मधुमेही हमाल, बधिर तळवा, रुपयाएवढा व्रण. टाचेवरचा भार उतरल्याखेरीज कोणतेही औषध तेथे चालत नाही, आणि भार उतरवणे म्हणजे त्याची रोजी बुडवणे. जुन्या ठाणे रस्त्यावरून कंटेनर गेला, की माझे मेज थरथरे. या व्रणांवर लावण्यासाठी रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटयुक्त द्रवात तांबूस रेघ उतरू लागली, तेव्हा कित्येक महिने मी त्या कंटेनरांवर ठपका ठेवला. एका रविवारी रात्री रस्ता निर्मनुष्य असताना रेघ पुन्हा उतरली, आणि थरथर माझ्या हाताची आहे, हे मला मान्य करावे लागले.

केस उगवावेत म्हणून एकाच फेरीत काढलेला, मोजणी न केलेला गुलाबी द्रव विकणाऱ्यांचा मला संताप येतो. निरोगी रक्तात मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. या द्रवासाठी मुखशल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी दहा लाखांची कसोटी सांगितली, ती न पाळता गुणाची ग्वाही कसली द्यायची? पण माझाही अहंकार लहान नव्हता. व्रणाची कड गुलाबी होऊन आत सरकू लागली, की पेशींना हाक घालणारा पीडीजीएफ आणि नव्या केशवाहिन्या फुटवणारा व्हीईजीएफ त्या हमालाच्याच रक्तातला होता, हे जाणूनही ती जखम मी भरली, असे मी मनात धरीत असे.

आता सुई माझी शिष्या धरते. "अजून थोडी खाली," असे मी म्हणतो, ती थांबते आणि म्हणते, "सर, इथं बास." गेल्या सोमवारी तिने काढलेल्या द्रवाची मोजणी बारा लाखांवर गेली, माझ्या हातून इतकी कधी आली नव्हती. तो कागद मी संध्याकाळपर्यंत खिशातच ठेवला.