बघण्याची तालीम

मे 2013 मध्ये उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर यांच्या इंतकालाची बातमी आम्ही वर्तमानपत्रात वाचली. त्यांचे थोरले बंधू, रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर, 1990 सालीच गेले होते. पनवेलजवळ पळस्पे येथे या थोरल्या उस्तादांनी ध्रुपदाचे गुरुकुल उभारले होते, हे आम्हाला तेव्हा कळले आणि आमची आम्हालाच शरम वाटली. मुंबईला जाता-येता पळस्पे फाट्यावरून आमची एस.टी. शेकडो वेळा गेली असेल. एवढे मोठे घराणे आपल्या रायगड जिल्ह्यात नांदत होते आणि आम्हाला त्याची खबरही नव्हती!

आम्ही म्हणजे तिघे मित्र. एक शाळामास्तर, एक शिंपी आणि एक पोस्टातला. मोहल्ल्यातले छोटे वाचनालय आम्ही चालवतो. मास्तरांनी पुण्याला चित्रपट रसास्वादाचा उन्हाळी वर्ग केला होता. त्यांच्याकडून कळले की दिग्दर्शक मणि कौल डागर उस्तादांकडे ध्रुपद शिकले होते आणि 1982 साली त्यांनी याच दोघा भावांना घेऊन ‘ध्रुपद’ नावाचा 72 मिनिटांचा चित्रपट केला होता. मग आम्ही ठरवले की तो मोहल्ल्याला दाखवायचाच.

पहिला प्रयोग सपशेल फसला. मास्तर आधी पाऊण तास बोलले. प्रयोगशील सिनेमा, अवकाश, काळ, बिंब-प्रतिबिंब असे बरेच काही. मग चित्रपट सुरू झाला. जुन्या महालांचे खांब, कमानी, संथ सरकणारा कॅमेरा आणि शब्दांवाचूनचा आलाप. चाळीसेक माणसे आली होती, दिवे लागले तेव्हा सात उरली होती. दारात एक रिक्षावाले चाचा थांबले होते. म्हणाले, “मास्तर, संध्याकाळचं भाडं सोडून आलो होतो मी. आम्हाला अडाणी ठरवायला बोलावलं होतं का?”

वाचनालयात गाणेबजावणे कशाला, असा सवाल एका बुजुर्गांनीही केला. त्यांची समजूत आम्हाला घालता आली नाही. ते पुन्हा आले नाहीत, याचे दुःख आजही आहे. पण चाचांचा सवाल त्याहून खोल रुतला, कारण तो खरा होता. लोकांना समजत नाही असे आम्ही आधीच गृहीत धरले होते आणि पाऊण तास तेच त्यांना सांगत बसलो होतो.

मग आम्ही विचार करू लागलो. नेहमीच्या सिनेमात एखाद्या दृश्यातून सांगायचे ते सांगून झाले की लगेच पुढचे दृश्य येते. आपल्या डोळ्यांना तीच सवय लागलेली असते. मणि कौल यांच्या सिनेमात सांगणे संपल्यावरही दृश्य थांबून राहते. ध्रुपदाचा गायकही असाच एका सुरावर थांबतो, पुढच्या सुराकडे जाण्याची त्याला घाई नसते. ज्याला ही रीत ठाऊक नाही, त्याला वाटते की काहीतरी बिघडले आहे किंवा आपल्यालाच अक्कल नाही. म्हणजे लोकांना अर्थ सांगायचा नव्हता. त्यांच्या मनातली ती भीती काढायची होती.

दुसऱ्या वेळी आम्ही भाषण बंद केले. चाचांच्या घरी जाऊन माफी मागितली आणि वेळ त्यांच्या सोयीची ठेवली. पहिल्या बैठकीत दिवे घालवून नुसता दहा मिनिटांचा आलाप ऐकवला. दुसऱ्या बैठकीत चित्रपटाची दहा मिनिटे आवाज बंद करून दाखवली. तिसऱ्या बैठकीत तोच भाग आवाजासह लावला. एकच तुकडा पुन्हा पुन्हा बघायचा, ही रीत मास्तरांनी पुण्याहून आणली होती. सतीश बहादूर सर तिथे ‘पथेर पांचाली’ असाच तपशिलाने उलगडून शिकवत असत. नियम एकच होता. अर्थ काय, हे कुणी कुणाला विचारायचे नाही. काय दिसले आणि काय ऐकू आले, तेवढेच सांगायचे.

लोक बोलू लागले. एका गवंड्याने कमानींच्या दगडांबद्दल असे काही सांगितले, की मास्तर वहीत लिहून घेऊ लागले. एका मुलीला वीणेच्या तारेचा आवाज संपल्यावरही ऐकू येत होता. चौथ्या बैठकीत पूर्ण चित्रपट लावला. शेवटी आलाप चालू असतो आणि कॅमेरा मुंबईच्या वस्तीवरून बराच वेळ सरकत राहतो. चाचा म्हणाले, “अशाच छपराखाली माझी अकरा वर्षं गेली. इतका वेळ कुणी आमच्याकडे बघितलं नव्हतं.” आमच्या पाऊण तासाच्या भाषणात हे वाक्य नव्हते.

पुढे स्त्रियांच्या आग्रहावरून ‘उसकी रोटी’ लावला. मोहन राकेश यांच्या कथेवरचा हा मणि कौल यांचा पहिला चित्रपट. बसड्रायव्हर नवऱ्यासाठी भाकरी घेऊन रस्त्यावर तिष्ठत उभी असलेली बाई, एवढीच त्याची गोष्ट. समीक्षकांनी त्याला संथ म्हटले, कठीण म्हटले. आमच्या मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांतले पुरुष कुवेत-सौदीला आहेत. चित्रपट संपल्यावर एक भाभी म्हणाल्या, “फोन येईपर्यंतची वेळ अशीच असते. बाकीच्या पिक्चरमध्ये एक गाणं लावतात आणि तेवढ्यात नवरा परत येतो.” सगळ्या हसल्या, आणि मग कुणी उठेचना.

सब्र हा शब्द आपण उठता-बसता वापरतो. तो आपल्या माणसांच्या अंगी आधीपासूनच आहे, तो शिकवण्याचा मक्ता आमच्याकडे नाही. फक्त पडद्यासमोर त्याचा उपयोग करायला हरकत नाही, एवढेच कुणीतरी अदबीने सांगावे लागते.

आता बैठकीला पंधरा-वीस माणसे येतात. त्याहून जास्त आली नाहीत तरी आमची तक्रार नाही. चाचा मागच्या बाकावर बसतात. कुणी नवखा माणूस चुळबुळ करू लागला, की हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, “बस भाई. आणखी थोडं बघ.”