पेटीचे गाणे

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या वाटेला लागले, की देवगिरीचा उत्तुंग किल्ला दृष्टीस पडतो. तेराव्या शतकात ही यादवांची राजधानी होती. राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेव नावाच्या पंडिताने त्या काळी ‘संगीतरत्नाकर’ हा थोर ग्रंथ रचला. एका सप्तकात बावीस श्रुती, म्हणजे बावीस सूक्ष्म नाद असतात, असे त्याने त्यात सांगितले आहे. आणि ते कानांनी पारखता यावेत म्हणून बावीस-बावीस तारांच्या दोन वीणांचा प्रयोगही वर्णिला आहे. इतका बारीक कान आपल्या संगीताला प्राचीन काळापासून लाभला आहे.

अशा या देशात एकोणिसाव्या शतकात एक परके वाद्य आले. ते म्हणजे पेटी, अर्थात हार्मोनियम. तिचा जन्म पॅरिसचा. भात्याने वारा भरावा, पट्टी दाबावी आणि आतील पितळेची पातळ जीभ कंप पावून स्वर उमटावा, अशी तिची रचना. शिकावयास सोपी आणि आवाजाने मोठी असल्यामुळे कीर्तनात, नाटकात आणि घरोघरी तिचा शिरकाव झाला. परंतु तिच्या सप्तकात पट्ट्या बाराच! दोन पट्ट्यांमधला नाद तिला ठाऊकच नाही. गवई एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड ओघळत जातो, त्याला मींड म्हणतात. ती पेटीला साधत नाही.

पियानोचीही तीच गत आहे. मात्र पाश्चात्त्य संगीतात अनेक स्वर एकाच वेळी वाजवून त्यांचा मेळ साधतात. त्यामुळे तेथे ही उणीव फारशी जाणवत नाही. जॉर्ज गर्श्विन या अमेरिकन संगीतकाराने 1924 साली न्यूयॉर्क येथे वाद्यवृंदासह आपली रचना सादर केली, तेव्हा तो स्वतः पियानोवर बसला होता. आपल्या मनातील संगीत त्या पट्ट्यांवर उतरविण्यात त्याला अडचण आली नाही. महाराष्ट्रातील एका रचनाकाराची वाट मात्र इतकी सरळ नव्हती. त्यांचे नाव गोविंदराव टेंबे.

गोविंदरावांचा जन्म 1881 साली कोल्हापूर संस्थानात झाला. पेटी ते बव्हंशी स्वतःच्या प्रयत्नानेच शिकले. त्यांचे खरे शिक्षण झाले ते ऐकण्यातून. शाहू महाराजांच्या आश्रयामुळे अल्लादियाखाँसाहेबांसारखे श्रेष्ठ गवई कोल्हापुरात राहत होते. त्यांचे गाणे गोविंदरावांनी तन्मयतेने ऐकले. भास्करबुवा बखले यांच्या गायनाला साथ करण्याचे भाग्यही त्यांना लाभले. गवयाच्या कंठातून निघालेली जागा पेटीवर कशी उतरवावी, हाच त्यांचा ध्यास होता. एका पट्टीवरचे बोट सुटण्यापूर्वीच दुसरी हलकेच दाबावयाची, भात्याचा वारा कधी वाढवावयाचा, कधी आवरावयाचा. अशा युक्तींनी निपुण वादक मींडेचा आभास निर्माण करतो. गोविंदरावांच्या हातून पेटी अशी वाजे, की ती केवळ साथीचे वाद्य न राहता स्वतंत्रपणे ऐकावी असे श्रोत्यांना वाटू लागले.

1911 साली किर्लोस्कर नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘मानापमान’ हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यातील पदांना गोविंदरावांनी चाली दिल्या. उत्तरेकडील ठुमरीसारख्या गीतप्रकारांचा नखरा त्यांनी मराठी पदांत असा मिसळला, की ती पदे बालगंधर्वांच्या कंठातून महाराष्ट्रभर पसरली. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी ती आजही गाइली जातात. 1913 साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. पुढे 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट निघाला. त्याचे संगीत गोविंदरावांचे होते आणि राजा हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनीच केली. तेव्हा पार्श्वगायनाची सोय नव्हती. नटाला अभिनय करता करताच गावे लागे.

ज्या वाद्याने एवढी कीर्ती दिली, त्याचा अभिमान कोणाला वाटणार नाही? त्याचे दोष झाकावेत, असाही मोह होईल. गोविंदरावांनी तसे केले नाही. आपल्या संगीतातील श्रुती आणि मींड पेटीला पेलत नाहीत, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. उत्तरायुष्यात त्यांनी पेटीवादनातून आपले मन काढून घेतले आणि गायन, रचना व लेखन यांत ते रमले. ‘माझा संगीत-व्यासंग’ हे त्यांचे पुस्तक 1939 साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, 1940 साली, आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती 1971 सालापर्यंत पुरती उठली नव्हती. गोविंदरावांचे निधन 1955 साली झाले.

बंदीने पेटी संपली नाही. आजही ती मैफलीत गवयाच्या शेजारी असते. पेटीपासून दूर झाल्याने गोविंदरावांची थोरवीही उणावली नाही. हातातील साधनावर कलावंताने जिवापाड प्रेम करावे, त्यातून मिळेल तेवढे सौंदर्य कष्टाने काढावे. पण साधनाच्या मोठेपणासाठी स्वराशी लबाडी करू नये, हे त्यांच्या आयुष्याने दाखवून दिले. पेटीच्या पट्ट्या बाराच होत्या. त्यांचा कान मात्र त्या पट्ट्यांपलीकडचे ऐकत होता.