मोकळीक

यंत्रात जेथे फट दिसते तेथे काहीतरी बिघडले आहे, असा आमचा कित्येक वर्षांचा समज होता. सैल ते वाईट, घट्ट ते चांगले, एवढे सोपे गणित. हा समज मोडला तो आमच्या वडिलांच्या बुलेटमुळे आणि तिच्यातून निघालेल्या कागदाच्या एका फाटक्या तुकड्यामुळे.

मद्रासला १९५५ साली बुलेटची जुळणी सुरू झाली. बाबांची गाडी त्याच घराण्यातली. १९७९ सालची, ३५० सीसीची. गिअर उजव्या पायाशी, संख्येने चार, आणि गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा. या गाडीवरून केळीचे घड वसईच्या बाजारात गेले, आम्ही शाळेत गेलो, आईला दवाखान्यातही तिनेच नेले. बाबा मुंबईच्या एका कारखान्यात फिटर होते. आता त्यांचे हात कापतात. गाडी चालवणे त्यांनी स्वतःहून थांबवले. मात्र रविवारी आमच्या मागे बसून एक फेरी झाल्याशिवाय त्यांना करमत नाही.

गेल्या पावसाळ्यात तिसरा गिअर निसटू लागला. पुलाचा चढ लागला की खट्‌कन आवाज होई आणि इंजिन रिकामे ओरडू लागे. गिअरबॉक्स उघडला. या पेटीत वर मुख्य शाफ्ट आणि खाली लेशाफ्ट असतो. एका गिअरच्या अंगावरचे जाड दाते सरकून शेजारच्या गिअरच्या खाचांत शिरले की ताकद चाकाकडे जाते. या दात्यांना मेकॅनिक ‘डॉग’ म्हणतात. आमच्या गाडीतील डॉगच्या कडा गोल झाल्या होत्या. शिवाय लेशाफ्ट आपल्या लांबीच्या दिशेने नको तितका मागेपुढे सरकत होता. त्यामुळे डॉग खाचेत पूर्ण उतरत नव्हते.

झिजलेले गिअर बदलले. शाफ्टचा ‘प्ले’ मोजण्यासाठी त्याच्या टोकाकडील वॉशरवर शिशाच्या मऊ तारेचे तुकडे ठेवले, जुने पॅकिंग घालून झाकण आवळले आणि पुन्हा काढून चेपलेली तार मोजली. जाडी भरली ०.५५ मिलिमीटर. आम्ही ०.३० मिलिमीटरची शिम घालायचे ठरवले. उरणार ०.२५, ठीकच होते.

झाकण नुसते टेकवले तेव्हा शाफ्ट बोटाने फिरत होता. नट आवळले आणि तो जागीच अडला. उघडले, पुसले, पुन्हा लावले, पुन्हा तेच. तीन संध्याकाळी अशाच गेल्या. तिसऱ्या दिवशी बाबा काठी टेकत ओट्यावर आले आणि त्यांनी पाना उचलला. त्यांच्या हातून तो घसरून झाकणावर आपटला. आम्ही तो त्यांच्या हातातून काढून घेतला व म्हणालो, “बाबा, तुम्ही आत बसा. आता हे तुमचं काम नाही.”

ते काहीच बोलले नाहीत. आत गेले. आम्ही मात्र नट आणखी एक आटा आवळला, जणू जोर लावल्याने हिशेब सुटणार होता.

रात्री जेवताना त्यांनी विचारले, “जुनं पॅकिंग कुठं टाकलंस?”

कचऱ्याच्या डब्यातून ते शोधून आणले. झाकण काढताना फाटले म्हणून आम्ही घरच्याच एका पातळ कागदाचे नवे कापले होते. बाबांनी कपाटातून आपला मायक्रोमीटर आणवला. हात कापत होता म्हणून पेच आम्ही फिरवला. आकडा त्यांनी वाचला. जुने पॅकिंग ०.५० मिलिमीटर, नवे ०.२०.

“तुझी शिम बरोबर होती,” ते म्हणाले. “पण झाकण तीन दशांश आत आलं, ते तू धरलं नाहीस. आता मोकळीक किती उरली?”

मोकळीक उरली नव्हतीच, उलट ०.०५ मिलिमीटरची दाटी झाली होती. एवढ्याशा दाटीने पोलादी शाफ्ट जखडला होता. बाबांनी समजावले, की तेलाचा पापुद्रा बसायला जागा लागते, गिअर फिरायला जागा लागते. जागा फार झाली तर गिअर निसटतो. अजिबात नसली तर घासून तापतो, आणि चालत्या गाडीत पेटी धरली तर मागचे चाकही धरू शकते. “गच्च बसलं म्हणजे नीट बसलं, असं नसतं रे.”

हे वाक्य त्यांनी गिअरबॉक्सविषयीच उच्चारले होते. तरीही आमची मान खाली गेली. त्यांना आत पाठवताना त्यांच्यासाठी या घरात किती जागा आम्ही शिल्लक ठेवली होती?

दुसऱ्या दिवशी खुर्ची ओट्यावर मांडली. पातळ पॅकिंग तसेच ठेवले, जुनी शिम काढून ०.१० मिलिमीटरची घातली. मोकळीक राहिली ०.१५. आम्ही एक नट आवळायचा, बाबांनी शाफ्ट बोटाने फिरवून पाहायचा, मग समोरचा नट. कापणाऱ्या त्या बोटांना शाफ्टची किंचितशी अडखळही कळत होती. आमच्या धडधाकट बोटांना ती कळली नसती.

रविवारी पुलाच्या चढावर तिसरा गिअर टिकला. आम्ही धास्तीने तोच धरून माथ्यापर्यंत गेलो. तेव्हा मागून आमच्या खांद्यावर थाप पडली.

“आता टाक की चौथा.”