आधी फेरफार पाहावा

संगणकांच्या दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या माणसाकडे येणाऱ्या फिर्यादींपैकी एक इतक्या ठरावीक शब्दांत येते की, ती पुरती ऐकून घेण्यापूर्वीच तिचा शेवट ठाऊक असतो : काल संध्याकाळपर्यंत सारे सुरळीत होते, रात्री अपडेट झाले, आणि सकाळपासून अमुक प्रोग्राम उघडतो न उघडतो तोच बंद पडतो. छापखान्यांतली, ग्रंथालयांतली आणि लहानसहान कचेऱ्यांतली लिनक्सवर चालणारी यंत्रे सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो असल्यामुळे या फिर्यादीविषयी मला आदरच वाटू लागला आहे. कारण सांगणारा कितीही वैतागलेला असला, तरी तपासाला लागणारे बहुतेक साहित्य तिच्यात असते. केव्हा बिघडले हे कळते, कशानंतर बिघडले हे कळते, आणि संशयित म्हणून एका प्रोग्रामचे नावही पुढे केलेले असते. तो संशयित बहुधा निर्दोष असतो, एवढेच काय ते सांगायचे राहून गेलेले असते.

तो निर्दोष कसा, हे समजण्यासाठी लिनक्सची घडण ध्यानात घेतली पाहिजे. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली डेबियन या लिनक्स-वितरणाची घोषणा केली, तेव्हापासून त्याचा विस्तार इतका झाला की, २०२१ च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या त्याच्या अकराव्या आवृत्तीत ५९ हजारांहून अधिक पॅकेजे होती. आणि यांतील क्वचितच एखादे पॅकेज स्वयंपूर्ण म्हणता येईल. चित्रे काढण्याचा एखादा प्रोग्राम घेतला, तर खिडकी उभी करणे हे एका लायब्ररीचे काम, अक्षरे मांडणे हे दुसरीचे, अक्षरांचे ठसे (फाँट) वाचणे हे तिसरीचे, आणि या सर्व लायब्रऱ्या इतर शेकडो प्रोग्रामांशी समाईक. यामुळे जागा वाचते, आणि एका लायब्ररीतील सुरक्षेचा दोष एकदा दूर केला की सर्वांचाच दूर होतो, हा मोठाच लाभ. परंतु त्याच व्यवस्थेमुळे असेही घडते की, ज्या प्रोग्रामच्या एका अक्षरालाही कोणी हात लावलेला नाही, त्याच्या पायाखालची जमीन मात्र एका रात्रीत बदललेली असते.

जमिनीचा उल्लेख आलाच आहे, तर तलाठ्याच्या दप्तराचे उदाहरण येथे चपखल बसते. तंटा उभा राहिला म्हणजे जाणता माणूस केवळ सातबारा पाहून थांबत नाही, फेरफाराची नोंदवही मागतो. कारण आज काय आहे हे सातबारा सांगतो, तर ते तसे कसे झाले हे फेरफार सांगतो. आमच्या व्यवसायातही कोणती पॅकेजे यंत्रावर आहेत याची यादी कोणीही काढील, पण डेबियन आणि उबंटू यांवर एपीटीची हिस्टरी नावाची जी नोंद आपोआप ठेवली जाते, तीत कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या आज्ञेने कोणते पॅकेज कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेले हे सर्व तारीखवार लिहिलेले असते. फेडोरावर डीएनएफ आणि आर्चवर पॅकमन असेच दप्तर राखतात. एकही कळ दाबण्यापूर्वी ही नोंद शांतपणे वाचून काढणे हा माझा शिरस्ता आहे. ती वाचताना बदललेल्यांची नावे डोळ्यांखालून जातात खरी, पण मनात प्रश्न निराळा घोळत असला पाहिजे : हे सर्व पुढे गेले, तेव्हा मागे कोण राहिला?

या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर पुष्कळदा असे निघते की, चालू असलेला प्रोग्रामच मागे राहिला. लिनक्समध्ये वापरात असलेली फाईलसुद्धा बदलता येते. नवी फाईल जुनीच्या नावावर येऊन बसते, आणि जुनी मात्र, तिला धरून ठेवलेला शेवटचा प्रोग्राम बंद होईपर्यंत, नावावाचून जिवंत राहते. अशा प्रोग्रामने मध्येच एखादा नवा भाग डिस्कवरून उचलला, की अर्धा जुना आणि अर्धा नवा असा संकर होऊन तो कोसळतो. एनव्हिडियाच्या चित्रचालकाचा (ग्राफिक्स ड्रायव्हरचा) प्रकारही याच जातीचा : स्मृतीत बसलेले कर्नल मोड्यूल कालचे आणि डिस्कवरची लायब्ररी आजची, म्हणून दोन्हींच्या आवृत्त्या जुळत नाहीत असा स्पष्ट शेरा मिळतो. यंत्र एकदा बंद करून सुरू करा, हा जो सल्ला लोक थट्टेवारी नेतात, त्याच्यामागे एवढे सयुक्तिक कारण आहे. कधी मागे राहिलेली असते ती वापरणाऱ्याच्या घरातील लपलेली कॉन्फिग फाईल किंवा साठवलेली कॅश. त्यासाठी यंत्रावर एक नवे खाते उघडून तोच प्रोग्राम तेथे चालवून पाहावा. तेथे तो चालला, तर पॅकेजांना दोष देण्याचे कारण उरत नाही आणि तपासाचे क्षेत्र एकदम आकुंचित होते.

परंतु मागे राहिलेला इसम दप्तराबाहेरचा असला म्हणजे खरे कसब लागते. एका छापखान्यात डेबियनची दहावी आवृत्ती जाऊन अकरावी आली, आणि मुखपृष्ठे करणारे वयस्कर गृहस्थ हातावर हात ठेवून बसले. मी म्हटले, "काका, इंकस्केपखेरीज आणखी काय काय उघडत नाही?" ते म्हणाले, "जिंपही नाही. चिन्हावर क्लिक केलं की जरा फिरल्यासारखं करतं नि गप्प बसतं. गाणी मात्र वाजतायत." त्यांच्या पुतण्याने इंकस्केप काढून पुन्हा घातला होता आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नव्हता. इंकस्केप आणि जिंप हे दोन्ही जीटीके या घराण्यातले, गाणी वाजवणारा व्हीएलसी क्यूटीच्या. तेव्हा दोष पहिल्या दोघांच्या समाईक वाटेवर असणार, हे काकांच्या जबानीतच आले होते.

चिन्हावर क्लिक केले असता प्रोग्राम मुकाट्याने मरतो, पण टर्मिनलमधून नावाने हाक मारली असता मरताना कारण सांगून जातो. येथे एकच ओळ आली : अक्षरमांडणी करणाऱ्या पँगो लायब्ररीला हवे असलेले एक सिंबल, म्हणजे एका क्रियेचे नाव, सापडत नाही. त्या सिंबलच्या आरंभीची अक्षरे हार्फबझची होती. हार्फबझ म्हणजे जोडाक्षरे जुळवणारी, रफार डोक्यावर नेणारी आणि ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी आणून बसवणारी लायब्ररी. एलडीडी ही आज्ञा देऊन प्रोग्राम कोणती हार्फबझ उचलतो ते पाहिले, तर ती वितरणाच्या नेहमीच्या जागेतील नव्हती, यूझर-लोकल या डिरेक्टरीतली होती. ही फाईल कोणत्या पॅकेजची, असे डेबियनच्या डीपीकेजी या पॅकेज-व्यवस्थापकाला विचारले. उत्तर आले की, कोणाचीच नाही. कधीकाळी कोणा तंत्रज्ञाने, बहुधा देवनागरी नीट उमटावी या सद्धेतूनेच, ती हाताने बांधून तेथे ठेवली होती, आणि डेबियनवर त्या जागेचा शोध आधी घेतला जात असल्यामुळे ती इतकी वर्षे निमूटपणे काम करीत होती.

मग अपडेटनंतरच का बिघडले? पँगोने २०१९ च्या १.४४ आवृत्तीपासून हार्फबझवर पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक भार टाकला. डेबियन दहामधील पँगो १.४२ होती, अकरामधील १.४६; नव्या पँगोने ज्या क्रियांची मागणी केली, त्या जुन्या हार्फबझमध्ये नव्हत्याच. मौज अशी की, हार्फबझच्या फाईलनावातील आवृत्तीचा आकडा वर्षानुवर्षे शून्यच राहिला आहे, कारण जुने काही काढायचे नाही, फक्त भर घालायची, असे तिच्या कर्त्यांचे धोरण. पण या वचनाने जुन्या प्रोग्रामाला नव्या लायब्ररीची हमी मिळते, नव्या प्रोग्रामाला जुन्या लायब्ररीची मिळत नाही. आणि प्रोग्रामाला लायब्रऱ्या जोडून देणारा लोडर त्या शोधताना नाव तेवढे पाहतो. ती बेवारस फाईल मी न पुसता बाजूला हलवली, एलडीकॉन्फिग चालवून लायब्रऱ्यांची सूची ताजी केली, आणि इंकस्केप उघडला.

यात दोषी कोण, याचा निवाडा दरवेळी इतका सोपा नसतो. २०१० साली फेडोराच्या चौदाव्या आवृत्तीत ६४ बिटांच्या फ्लॅशमधील आवाज एकाएकी फाटू लागला. मूळ सी लायब्ररी जी ग्लिबसी, तिच्यातील स्मृतीची नक्कल करणारी मेमसीपीवाय ही क्रिया वेगासाठी नव्याने लिहिली गेली होती आणि काही प्रोसेसरांवर ती आता शेवटाकडून आरंभाकडे नक्कल करू लागली होती. मूळ जागा आणि नकलेची जागा एकमेकींवर चढलेल्या असता ही क्रिया वापरू नये, असा सी भाषेचा लिखित नियम. फ्लॅश तो मोडत होता आणि इतके दिवस ते खपून गेले होते. नियमाच्या बाजूने पाहिले तर ग्लिबसी निर्दोष. परंतु लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी या वादात उतरून बाजू घेतली ती वापरणाऱ्याची : नियम कोणी मोडला याच्याशी त्याला कर्तव्य नाही, त्याचे चालते काम बंद पडले हे खरे. पुढे २०११ मधील ग्लिबसी २.१४ ने त्याच नावाची नवी आवृत्ती वेगळी नोंदवली आणि जुन्या प्रोग्रामांना जुन्या वर्तनाची सोय करून दिली. मला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटतो; नियमही राहिला आणि मागे राहिलेल्याची अडचणही ओळखली गेली.

कामाच्या घाईत पॅकेज मागच्या आवृत्तीवर नेणे आणि ते तेथेच रोखून धरणे हाही उपाय रास्त आहे. छपाईची तारीख उद्याची असताना तत्त्वचिंतन करीत बसू नये. मात्र रोखलेले पॅकेज म्हणजे आपण स्वतःच निर्माण केलेला मागे राहणारा होय, आणि पुढच्या अपडेटला तोच तंटा उभा करील. म्हणून रोखल्याची तारीख व कारण कागदावर लिहून यंत्रापाशी ठेवावे. एका वेळी एकच बदल करावा, आणि तो उलटवता येईल असाच करावा. पाच उपाय एकदम करून प्रोग्राम चालू झाला, तर तो कशाने चालला हे कधीच कळत नाही.

आणि शेवटी वाचकांना एक विनंती. प्रोग्राम पुन्हा चालू झाला की विषय संपला असे न मानता, वितरणाच्या दोषनोंदणीत चार ओळींची तक्रार जरूर लिहावी : वितरण व त्याची आवृत्ती, फेरफाराच्या नोंदीतील संबंधित पॅकेजांच्या जुन्या-नव्या आवृत्त्या, टर्मिनलवर आलेली ओळ जशीच्या तशी, आणि काय केल्याने दोष हमखास पुन्हा घडतो ते. ज्याने पॅकेज बांधले त्याच्या यंत्रावर तुमचा जुना ठसा नसतो, तुमची देवनागरी नसते, तुमचा छापखाना नसतो. ते त्याला तुम्ही कळवल्याखेरीज कळणार नाही.