लोधिवलीचं मशीन

गेल्या शनिवारी लोधिवलीला मामाकडे जाऊन आलो. निमित्त नेहमीचंच, पॅच टाकायचे होते. आता तुम्ही म्हणाल, पॅच टाकायला कोणी गाडी काढून पनवेलच्या पुढे जातं का? घरबसल्या होतं की! होतं, मान्य. पण मामाच्या मशीनवर बाहेरून लॉगिन करायची सोयच मी ठेवलेली नाही. त्याचं कारण पुढे सांगतो. (दुसरं कारण म्हणजे मामीच्या हातची तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. ते इथेच सांगून टाकतो.)

लोधिवली माहीत नसेल तर: एक्स्प्रेसवेने गेलात तर हे गाव कधी आलं आणि कधी गेलं कळणारही नाही. पळस्प्याहून जुना हायवे धरायचा. डावीकडे इर्शाळगडाचा सुळका दिसायला लागतो आणि चौक यायच्या आधी लोधिवली. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला रसायनी-पाताळगंगेचा कारखान्यांचा पट्टा. मामा तिथल्याच एका केमिकल कारखान्यात फिटर होता. पुढे व्हीआरएस घेऊन त्याने स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. पंपांचे सील, ग्लँड, व्हॉल्व्हची दुरुस्ती असली कामं. २००६ पर्यंत धंदा बरा चालायला लागला, चार कंप्युटर आले, ब्रॉडबँड आलं आणि 'भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे' या एकाच क्वालिफिकेशनवर नेटवर्कचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी तेव्हा नोकरीत नवीन होतो आणि मला ओपनबीएसडीचं वेड लागलं होतं. ही एक ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम. कॅनडात कॅलगरीला राहणाऱ्या थिओ डी राटने १९९५ मध्ये सुरू केलेली. जगातल्या बहुतेक सर्व्हरवर लॉगिन करायला आपण जे ओपनएसएसएच वापरतो ते याच लोकांनी लिहिलेलं. त्यांच्या वेबसाइटवर तेव्हा एक ओळ झळकायची, की आमच्या डिफॉल्ट इन्स्टॉलमध्ये दहा वर्षांहून जास्त काळात बाहेरून आत शिरता येईल असं फक्त एक भोक सापडलंय. फक्त एक! मी लॅमिंग्टन रोडवरून एक सेकंडहँड पेन्टियम टू आणला, त्यात दोन नेटवर्क कार्डं टाकली, १ नोव्हेंबर २००६ ला आलेली ४.० आवृत्ती चढवली आणि मामाचं सगळं नेटवर्क त्या मशीनच्या मागे ठेवलं. वर त्याला ती एका भोकाची ओळ ऐकवलीसुद्धा. मामा म्हणाला, "एक आहे ना? मग झालं."

ओपनबीएसडीची दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि चालू व तिच्या आधीची अशा दोनच आवृत्त्यांना दुरुस्त्या मिळतात. प्रत्येक दुरुस्तीवर शिक्का असतो, 'सिक्युरिटी फिक्स' नाहीतर 'रिलायबिलिटी फिक्स'. पहिल्याचा अर्थ कोणीतरी आत शिरू शकतं. दुसऱ्याचा अर्थ मशीन कोसळू शकतं, अडकू शकतं. माझा हिशोब सरळ होता. सिक्युरिटी असेल तर लगेच जायचं. रिलायबिलिटी असेल तर पुढच्या खेपेला.

७ मार्च २००७ ला एक दुरुस्ती आली. आयपीव्ही६ च्या एका प्रकारच्या पॅकेटने कर्नलमधली मेमरी बिघडते, अशी. कर्नल नेटवर्कवरून आलेला मजकूर छोट्या छोट्या डब्यांत ठेवतो, त्यांना एमबफ म्हणतात. एका डब्यातून दुसऱ्यात कॉपी करताना माल डब्याबाहेर सांडत होता. शिक्का होता 'रिलायबिलिटी फिक्स'. मी वाचलं, आणि ठरवलं, पुढच्या खेपेला.

पडद्यामागे काय चाललं होतं ते नंतर वाचलं. बग शोधणाऱ्या कोअर सिक्युरिटी या कंपनीने तो फेब्रुवारीतच कळवला होता. ओपनबीएसडीवाल्यांचं म्हणणं, यात फार तर मशीन कोसळेल. इतक्या खोलवरच्या बगचा वापर करून कोणी आपला कोड चालवला तर ते आश्चर्यच! आणि नुसतं कोसळण्याला आम्ही 'व्हल्नरेबिलिटी' म्हणत नाही. यात आडमुठेपणा होता असं मला आजही वाटत नाही. सगळ्याच बगना भगवा बावटा लावला तर खरा धोका कुठला ते कळणार कसं? पण ५ मार्चला कोअरच्या लोकांनी ते आश्चर्य करून दाखवलं. बाहेरून पॅकेट पाठवून थेट कर्नलमध्ये स्वतःचा कोड चालवला. ९ मार्चला वेबसाइटवरचा शिक्का बदलून 'सिक्युरिटी फिक्स' झाला. आणि पहिल्या पानावरच्या त्या ओळीत एका भोकाची दोन भोकं झाली.

मी मात्र ७ तारखेला वाचून मोकळा झालो होतो. एकदा वाचलेली सूचना दोन दिवसांनी पुन्हा कोण वाचतं? १३ मार्चला कोअरचं जाहीर पत्रक आलं, ते मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात वाचलं आणि पोटात गोळा आला. कारण त्याच आठवड्यात सोमवारी मामाचा फोन येऊन गेला होता, "मशीन पुन्हा अडकलं होतं रे." आणि मी त्याला म्हटलं होतं, व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल!

शनिवारी १७ तारखेला पोचलो. मामाला विचारलं, किती वेळा अडकलं? म्हणाला, दहा दिवसांत तीनदा. मग काय केलंत? "पोरगा बटण दाबतो, होतं चालू."

इथे जरा तांत्रिक सांगायला हवं. ओपनबीएसडीचा कर्नल कोसळला की तो आपोआप रीस्टार्ट होत नाही. तो डीबगरमध्ये जाऊन थांबतो, स्क्रीनवर काय झालं ते लिहितो आणि तुमची वाट पाहत बसतो. समोर मॉनिटर असेल तर हे फार सोयीचं. मामाच्या मशीनला मॉनिटर नव्हता, मीच काढून ठेवला होता, जागा अडते म्हणून. म्हणजे तीन वेळा ते बिचारं स्क्रीनवर काहीतरी लिहून बसलं असणार (किंवा नसेलही), आणि तीन वेळा पोराने बटण दाबून ते पुसून टाकलं.

आता शांत डोक्याने बघितलं तर धोका लहान होता. मामाच्या ब्रॉडबँडवर आयपीव्ही६ नव्हतंच, त्यामुळे बाहेरच्याला हे भोक वापरता आलं नसतं. आतल्याच एखाद्या कंप्युटरवरून हल्ला व्हायला हवा होता. पण आतले चार कंप्युटर विंडोजवाले, एकावर पोरं पिक्चरच्या सीड्या लावायची, आणि त्यांची मला काय खात्री? शिवाय फायरवॉलमध्ये आयपीव्ही६ अडवणारी एक ओळ टाकली असती तरी पॅच येईपर्यंत भागलं असतं. ती ओळसुद्धा मी टाकलेली नव्हती.

मामाला हे सगळं सांगितलं. खोटं कशाला बोला, थोडं पॉलिश करूनच सांगितलं. म्हटलं, त्यांनी आधी रिलायबिलिटी म्हणून लिहिलं होतं, मग बदललं, माझी दिशाभूल झाली.

मामा एका पंपाचा ग्लँड भरत बसला होता. हात न थांबवता म्हणाला, "भाचेबुवा, पाण्याच्या पंपाचा ग्लँड थेंबथेंब गळायलाच पाहिजे. अगदी आवळून टाकलास तर पॅकिंग जळतं, स्लीव्ह खराब होतो. आणि अ‍ॅसिडच्या पंपाखाली एक थेंब दिसला की पंप बंद. गळती दोन्हीकडे तीच."

"म्हणजे?"

"म्हणजे आत काय आहे ते बघायचं. माझ्या इथे आत काय आहे ते त्या कॅनडावाल्याला माहीत होतं?"

"नाही."

"तुला होतं?"

मला माहीत होतं. हिशोबाची फाइल, आणि आजूबाजूच्या कारखान्यांनी विश्वासाने दिलेली त्यांच्या पंपांची आणि पाइपलाइनची ड्रॉइंग्ज. ती बाहेर गेली असती तर मामाला त्या पट्ट्यात पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं.

मग बसलो पॅच टाकायला. तेव्हा तयार पॅच मिळत नसे. दुरुस्तीची फाइल उतरवायची, सोर्सला लावायची, अख्खा कर्नल कंपाइल करायचा. पेन्टियम टूवर तास सहज जायचा. चाळीस मिनिटं झाली आणि लाइट गेली. भारनियमनाचे दिवस होते ते. (गंमत बघा, खोपोलीच्या वीजघरातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळायला लागली आणि ते वापरलेलं पाणी आजही पाताळगंगेतून या पट्ट्याच्या अंगावरून वाहतं. वीज घाटाखालची, अंधार लोधिवलीत. असो.) लाइट आली, मशीनने आधी डिस्क तपासत वेळ काढला, मग पुन्हा कंपाइल. संध्याकाळी सातला वर्ल्ड कप, भारत-बांगलादेश. टीव्हीचा आवाज वर्कशॉपमध्ये येत होता. आपण १९१ ला ऑलआउट झालो तेव्हा मी नव्या कर्नलवर रीबूट करत होतो. मॅच आपण हरलो हे तुम्हाला माहीतच आहे.

त्याच दिवशी मी आणखी एक माती खाल्ली. संशय नको म्हणून मशीनचा एसएमपीएसही बदलून टाकला. पुढे मशीन तसं कधी अडकलं नाही. पॅचमुळे की एसएमपीएसमुळे? कळायला आता मार्ग नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे आम्ही ज्युनियरना शिकवतो. :)

बाकी शिस्त मामाने लावली. कारखान्यात असायचं तसं ब्रेकडाऊन रजिस्टर त्याने मशीनशेजारी टांगलं. तारीख, काय झालं, काय केलं, कारण, सही. मी मॉनिटर परत जोडला, कर्नल कोसळला तर मेमरीची प्रत डिस्कवर ठेवून आपोआप रीस्टार्ट होईल असं सेटिंग केलं, आणि बाहेरून लॉगिन कायमचं बंद केलं. तेव्हापासून दोन्ही शिक्के मला सारखेच.

मामाला माझं काम नक्की काय आहे ते मात्र २०१७ साली कळलं. २७ जूनला नॉटपेट्या जगभर पसरला आणि आपल्याच रायगडात, न्हावा-शेव्याला जेएनपीटीचं एक टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर अडकले, ट्रकच्या रांगा लागल्या. ते प्रकरण विंडोजचं. तो ज्या भोकातून पसरला त्यातल्या एकावरचा पॅच १४ मार्चलाच आलेला होता. (बाकी चोरलेल्या पासवर्डवरूनही तो पुढे सरकत होता, त्यामुळे नुसत्या पॅचने सगळे वाचलेच असते असं नाही.) मामाने पेपरातली बातमी मला फोनवर वाचून दाखवली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ओपनबीएसडीत सिसपॅच आलं होतं. एक कमांड, तयार पॅच, कंपाइल वगैरे काही नाही. माझ्या लोधिवलीच्या मुक्कामाचं सबळ कारण तेवढ्यापुरतं गेलंच.

आणि १ जुलै २०२४. क्वालिस या कंपनीने (हिचं मोठं ऑफिस आपल्या पुण्यात आहे) ओपनएसएसएचमधलं एक भोक जाहीर केलं. २००६ साली बुजवलेलं भोक २०२० मध्ये कोड आवरताना एक ओळ उडाल्यामुळे पुन्हा उघडलं होतं. लॉगिनची मुदत संपली की एक सिग्नल येतो. तो हाताळत असतानाच प्रोग्रॅम लॉग लिहायला जायचा, आणि ते लिहिणारं फंक्शन अशा वेळी चालवायला सुरक्षित नव्हतं. अचूक क्षण साधला तर थेट रूट. त्यांच्या प्रयोगात ३२ बिटी लिनक्सवर हा क्षण साधायला सरासरी दहा हजार प्रयत्न लागले. माझी त्या सोमवारची रात्र ऑफिसचे लिनक्स सर्व्हर पॅच करण्यात गेली. लोधिवलीच्या मशीनला काहीच करायची गरज नव्हती. ओपनबीएसडीवाल्यांनी २००१ मध्येच त्या जागी वापरायला सुरक्षित असं लॉगिंगचं फंक्शन बनवून ठेवलं होतं. रात्री दोनला हे वाचलं तेव्हा जरा हसू आलं, जरा रागही.

तर गेला शनिवार. मशीन आता पेन्टियम टू नाही, पंख्याशिवायची एक छोटी डबी आहे. सिसपॅच चालवलं, दुरुस्त्या उतरल्या, त्यात काही सिक्युरिटीच्या, काही रिलायबिलिटीच्या. रीबूट. दहा मिनिटांत काम झालं. रजिस्टर तिसरं चालू आहे. सही करून मी सहज पहिलं काढून चाळलं. १७ मार्च २००७ ची नोंद मामाच्या अक्षरात आहे: 'मशीन बंद, ३ वेळा. कर्नल बदलला. सप्लाय बदलला.' कारणाचा रकाना कोरा.

मामा म्हणाला, "अजून सापडलं नाही ना?" मी नाही म्हटलं. त्याने रजिस्टर माझ्या हातातून घेतलं, झटकून कपाटात ठेवलं आणि म्हणाला, चल, भाकरी गार होते.